डॉक्टरांसमोर आत्या म्हणते "एकदम बढ़िया". मी तोंड उघडायचं की नाही?

राजेंद्रनगरी · इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन दवाखान्याच्या वाऱ्या करणारे इथे बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतो.

माझी आत्या ८१ वर्षांची. लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, लोकमान्य नगरात स्वतःच्या घरात एकटी राहते. सकाळी बाई येऊन पोळी-भाजी, केर-फरशी करून जाते, बाकी सगळं आत्या स्वतः. बीपी आहे, शुगर आहे (इन्शुलिन नाही, गोळ्या), गुडघे गेलेत, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याचा राहिलाय. म्हणजे फिजिशियन, हाडांचे आणि डोळ्यांचे असे तीन डॉक्टर. तिन्हीकडे न्यायचं काम माझ्याकडे, कारण आमच्या पिढीतला इंदुरात उरलेला मीच. तक्रार नाही. माझे पाढे तिनेच पाठ करून घेतलेत, तेवढं देणं लागतो.

अडचण अशी. बाहेर बाकावर शेजारी जी कोणी बाई बसली असेल तिला आत्या सगळं सांगते. पहाटे उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, परवा न्हाणीघराच्या दारात खाली बसले ती उठताच येईना, रात्री पाय वळतात. मी पर्चे आणि रिपोर्टांची थैली धरून पलीकडे बसलेला, हे सगळं पहिल्यांदाच ऐकतोय. मग नंबर येतो. आत डॉक्टर विचारतात, "कैसी हैं माताजी?" आत्या पदर सारखा करते, ताठ बसते. "एकदम बढ़िया."

गेल्या वेळी मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टरसाहब, ये बाथरूम में गिर गई थीं." झालं. तिथून पुढे डॉक्टर माझ्याशीच बोलायला लागले. इनको नींद आती है? इनका पेट साफ रहता है? आत्या समोर बसलेली आणि प्रश्न मला. बाहेर पडल्यावर गीता भवनापासून घरापर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. कुलूप उघडताना म्हणाली, "तू भाचा आहेस का सीआयडी?"

आता परत जायची वेळ आलीय. सांगायला हवं हे मला कळतं. पण सांगितलं तर पुढच्या वेळी ती बाकावरच्या बाईलाही काही सांगणार नाही, म्हणजे मला जे थोडंफार कळतं तेही बंद. तुम्ही कसं करता?


स्पष्टवक्ता · भोपाळ

यात विचार करण्यासारखं काय आहे? ८१ वर्षांची बाई एकटी राहते आणि पडते. डॉक्टरांना स्वच्छ सांगा आणि आत्यांना आपल्या घरी घेऊन या. रुसल्या तर रुसल्या. उद्या खुब्याचं हाड मोडलं की सगळे नातेवाईक तुम्हालाच विचारतील.


माळव्याची_सून · इंदूर

स्पष्टवक्ता, "घरी घेऊन या" हे लिहायला दोन सेकंद लागतात. असो.

राजेंद्रनगरी, माझे सासरे अगदी असेच. घरात कण्हत असतात, डॉक्टरांच्या खुर्चीत बसले की जवान. मी एक करते. आदल्या दिवशी अर्ध्या पानावर चार ओळी लिहिते. काय होतं, कधीपासून होतं, दिवसाच्या कुठल्या वेळेला होतं, नवीन कुठली गोळी सुरू झाल्यावर होतंय का. मोठी कहाणी नाही, मागे रांग असते. नंबर लावताना तो कागद रिसेप्शनवरच्या मुलीला देते, फाईलला टाचून आत पाठव म्हणून. डॉक्टर वाचतात आणि आपण होऊन विचारतात, "बाबूजी, रात को कितनी बार उठते हो?" सासऱ्यांचं मत असं की हे डॉक्टर नाडी न बघता ओळखतात. मी काही बोलत नाही.

अजून एक. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आणि दुसऱ्या डॉक्टरांची वेळ एका दिवशी घेऊ नका. आम्हालाही वाटायचं, एकदा गाडी काढलीच आहे तर दोन्ही उरकू. पण पडदा तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब घातले की पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. अशा अवस्थेत पडणाऱ्या माणसाला दुसऱ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लावायच्या का? काळा चष्मा न्यायचा, तिथून थेट घर.

आणि राजवाड्याच्या बाजूला दवाखाना असेल तर रंगपंचमीला जाऊ नका. गेर (रंगांची मिरवणूक) निघते त्या दिवशी तिकडे मुंगीलाही वाट मिळत नाही. हसताय ना, पण फोनवर तारीख देणारी मुलगी हे सांगत नाही.


राजेंद्रनगरी · इंदूर

चिठ्ठीची कल्पना आवडली, पण आत्याला न सांगता दिली तर पकडली जाईन. तिनं अख्खं आयुष्य मुलांच्या बाकाखालच्या चिठ्ठ्या पकडण्यात काढलंय.


अप्पा_स्नेहलतागंज · इंदूर

मी ७९ चा. पेशंटच्या बाजूनं बोलणारं इथे कोणी दिसत नाही म्हणून लिहितो. मोबाईलवर बोलून टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

तुमच्या आत्या डॉक्टरांपासून काही लपवत नाहीत हो. तुमच्यापासून लपवतात. बाकावरच्या बाईला सगळं सांगतात कारण ती बाई त्यांचं घर विकू शकत नाही.

आमच्या वयाला पडल्याचं घरात कळलं की काय होतं ते सांगतो. आधी सगळे गोड बोलतात. मग स्टूल जातं, कारण त्यावर चढून माळ्यावरचं काढताना आम्ही पडू. मग न्हाणीघराची आतली कडी काढतात. मग सकाळच्या फिरण्याला सोबत येते. गॅस बाईच लावेल असं ठरतं. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा आतल्या खोलीत बैठक बसते, आम्ही बाहेर चिवडा खात असतो. आणि एक दिवस मुलगा किंवा भाचा म्हणतो, इतकं मोठं घर सांभाळायचं कशाला? वरच्या स्पष्टवक्ता यांचा प्रतिसाद परत वाचा. प्रश्न होता डॉक्टरांना सांगू का, उत्तर आलं घर सोडायला लावा. आत्यांना हेच उत्तर माहीत आहे. म्हणून "एकदम बढ़िया".

मी स्वतः बीपीची गोळी घेतल्यावर जिन्यात भेलकांडायचो ते वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांना सांगितलं, कारण त्या दिवशी मुलगा गाडी लावायला गेला होता आणि माझा नंबर आधी आला. पाच मिनिटं एकटा मिळालो, सगळं ओकलो. तेव्हापासून मुलाला सांगितलंय, तू आधी पार्किंग बघ.

अजून एक. आमच्याबद्दल आमच्यासमोर आमच्याशिवाय बोलू नका. याच शहरात डॉ. भक्ती यादव नव्वदीपर्यंत पेशंट बघत होत्या. २०१७ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. नव्वदीची डॉक्टर चालते आणि ऐंशीची पेशंट आपला पोट साफ होतं का एवढं सांगू शकत नाही?


माळव्याची_सून · इंदूर

अप्पा, नमस्कार घ्या. आमच्या न्हाणीघराची कडी मीच काढायला लावली होती. सासऱ्यांशी आज बोलते.


डॉक्टरीणबाई · ग्वाल्हेर

फिजिशियन आहे, लष्कर भागात दवाखाना. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते लिहिते.

पडल्याचं आम्हाला कळलं नाही तर आम्ही चुकीचं औषध बरोबर समजून चालू ठेवतो. कागदावर आत्यांचं बीपी उत्तम, शुगर उत्तम. मग मी का बदलू? उलट शाबासकी देईन. पण पहाटे उठल्यावर अंधारी येते हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात दोन गोष्टी येतात.

पहिली, उभं राहिल्यावर बीपी घसरणं. बसल्या बसल्या घेतलेलं बीपी यात फसवतं. माणसाला पाच मिनिटं आडवं झोपवून मोजायचं, मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर चक्करेचं कारण बऱ्यापैकी सापडलं. बीपीच्या गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, पुरुषांत प्रोस्टेटच्या गोळ्या, उन्हाळ्यात पाणी कमी पिणं, यातलं काहीही असू शकतं. बरीच वर्षं मधुमेह असेल तर उभं राहिल्यावर बीपी सावरण्याचं काम नसाच नीट करेनाशा होतात. गर्दीच्या ओपीडीत आडवं झोपवून कोणी मोजत नाही, हे आमचंच चुकतं. तुम्ही मागा. घरी मशीन असेल तर घरी मोजून आकडे आणा, पण उभं असताना धरायला कोणीतरी शेजारी हवं.

दुसरी, शुगर कमी होणं. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड अशा गटातली गोळी असेल आणि रात्री जेवण अर्ध्या पोळीवर आलं असेल तर पहाटे शुगर उतरते. अंधारी आली की लगेच बोटातून बघायची. ७० च्या खाली म्हणजे कमी. या वयात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) सातच्या आत आणण्याचा हट्ट बऱ्याचदा महागात पडतो, वय आणि बाकीचे आजार बघून आम्ही तो थोडा सैल सोडतो. पण ते कधी, तर कोणी सांगितलं तर!

आता तुमचा मूळ प्रश्न. नातेवाईकानं मला काही सांगितलं आणि मी ऐकून घेतलं तर त्यात गुपित फुटत नाही. पेशंटनं मला सांगितलेलं मी तिच्या परवानगीशिवाय तुम्हाला सांगितलं तर फुटतं. २००२ च्या आचारनियमांत डॉक्टरांवर गुप्ततेची जबाबदारी घातलेली आहे, आणि पेशंट ८१ वर्षांची आहे म्हणून ती कमी होत नाही. म्हणून मी सोबत आलेल्यांना आधी बाहेर बसवते. पाच मिनिटं पेशंट एकटा. मग पेशंटलाच विचारते, यांना आत बोलवू का, यांच्यासमोर काय बोलू? बहुतेक जण म्हणतात, सगळं बोला. पण विचारल्यावर म्हणतात.

आत बोलावल्यावर सोबत्यानं खुर्ची पेशंटच्या जरा मागे ओढून बसावं. समोर बसलात की आमची नजर आपोआप तुमच्याकडे जाते. तरुण माणसाशी बोलणं भराभर होतं ना, म्हणून. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, "इनको नींद आती है?" तर आत्यांकडे वळून म्हणायचं, "आत्या, झोप येते का?" दोनदा केलं की डॉक्टर सुधारतात.


दवाबाजार · इंदूर

औषधांच्या धंद्यात आहे. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय त्यात आमच्या बाजूचं थोडं घालतो.

तीन डॉक्टर असतील तर तीन पर्चे असतात आणि तिन्ही पर्चे एकमेकांना ओळखत नाहीत. पर्चे नेऊ नका, गोळ्या न्या. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्ण, शेजारच्या काकूंनी "मला फार गुण आला" म्हणून दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं एका थैलीत घालून टेबलावर ओतायचं. एकच औषध दोन वेगळ्या ब्रँडच्या नावानं दोन डॉक्टरांनी दिलेलं आम्ही नेहमी बघतो, पेशंट दोन्ही घेत असतो. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, खालचं बारीक नाव वाचा. टेल्मिसार्टन (बीपीचं औषध) दोनदा आलं का ते तिथे कळतं.

गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल खास. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही मंडळी बीपी वाढवतात, किडनीला त्रास देतात, आतड्यात रक्तस्राव करू शकतात. हाडांचे डॉक्टर देतात ते थोड्या दिवसांसाठी. पेशंटला आराम पडतो, मग दुकानातून परस्पर परत नेतो. बीपी वाढलं की फिजिशियन बीपीची गोळी वाढवतात. झोपेची गोळी आणि सर्दी-खाजेच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या यांचाही पडण्याशी जवळचा संबंध आहे. आत्यांच्या उशाखाली काय आहे ते बघा. आत्यांना विचारून बघा, नाहीतर परत सीआयडी.

आणि हे वाचून कोणी घरच्या घरी गोळ्या बंद करायला बसू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर जास्त नुकसान होतं.

जाता जाता पुरुषांसाठी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा कधी घेतलेलं असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या गोळीनं बुबुळ सैल पडतं, सर्जनला आधी माहीत असलं तर तो तयारीनं बसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना लघवीचं काय सांगायचं, म्हणून लोक सांगत नाहीत.


अप्पा_स्नेहलतागंज · इंदूर

टॅमसुलोसिनचं माहीत नव्हतं. माझ्या दुसऱ्या डोळ्याचं व्हायचंय. आभारी आहे.


एडिसनची_लेक · न्यू जर्सी

माझी आई इंदुरात, सुदामा नगरला. तिच्याबरोबर शेजारचे काका जातात आणि मी व्हिडिओ कॉलवर असते. अप्पांचं वाचून वाईट वाटलं, कारण मीही बहुतेक वेळ आईऐवजी डॉक्टरांशीच बोलते. पण बारा हजार किलोमीटरवरून दुसरं काय करणार?


स्पष्टवक्ता · भोपाळ

परत या.


संपादक

स्पष्टवक्ता, तीन शब्दांच्या आत राहिलात तरी नियम लागू आहेत. आणि सगळ्यांना विनंती, डॉक्टरांची किंवा दवाखान्यांची नावं तक्रारीसोबत लिहू नयेत. मधला एक प्रतिसाद त्यासाठी काढला आहे.


डॉक्टरीणबाई · ग्वाल्हेर

एडिसनची_लेक, कॉल जरूर करा. फक्त तो सुरुवातीपासून नको. आधी आई आणि मी बोलू, शेवटी मी काय ठरवलं ते सांगताना तुम्ही या. तपासणी चालू असताना कोणीतरी फोन माझ्या तोंडासमोर धरून उभं असतं तेव्हा मी पेशंटच्या पोटावर हात ठेवलेला असतो, आणि उत्तर अमेरिकेला देत असते. तुमच्यासारख्यांचा खरा उपयोग कागदांत आहे. रिपोर्टचे फोटो तारखेप्रमाणे एका जागी ठेवा, क्रिएटिनिनचे (किडनीच्या तपासणीचे) जुने आकडे एकाखाली एक लिहून द्या. रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करायचा असेल तर किडनीचा आकडा आम्हाला आधी बघावाच लागतो, आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती थांबवायची का ते ठरवावं लागतं. ऐनवेळी तो कागद कोणाकडेच नसतो.


एडिसनची_लेक · न्यू जर्सी

हे करू शकते. आजच बसते.


बडोदेकर · वडोदरा

इतक्या चांगल्या धाग्यात पैशाचं कोणी बोललं नाही. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २९ ऑक्टोबर २०२४ पासून. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आधार लागतं, मोबाईलवरूनही काढता येतं. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. आत्यांचं काढलं का?


दवाबाजार · इंदूर

यात लोकांची एक गैरसमजूत असते ती आधीच काढतो. कार्ड भरती झाल्यावर चालतं. ओपीडीतली तपासणी, महिन्याच्या गोळ्या यांना नाही. लोक दुकानात कार्ड दाखवतात, आम्हाला नाही म्हणावं लागतं. आणि जिथे जाणार तो दवाखाना योजनेत आहे का ते आधी विचारायचं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं.


बडोदेकर · वडोदरा

बरोबर. ओपीडीच्या खर्चासाठी करात थोडी सोय आहे. जुनी करप्रणाली घेतली असेल आणि ज्येष्ठांचा आरोग्यविमा नसेल तर औषधपाण्याच्या खर्चावर वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पैसे रोख दिलेले नसावेत. ही आई-वडिलांसाठी मुलाला मिळते. आत्यासाठी भाच्याला मिळत नाही, आत्यांना त्यांच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये मिळेल. म्हणजे बिलाचे पैसे आत्यांच्या खात्यातून जाऊ देत. तेही बरंच, त्यांना कोणाचे उपकार नकोच असतील.

वडोदऱ्यात माझ्या वडिलांचं वेगळंच निघालं होतं. डॉक्टरांना सगळं "हो, हो" म्हणायचे. आम्हाला वाटलं विसरभोळेपणा सुरू झाला, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी आधी कान बघायला पाठवलं. दोन्ही कानांत मळाचे दडे. काढल्यावर वडील गाडीत म्हणाले, तुझ्या गाडीचं इंजिन बघून घे, फार आवाज करतंय.


राजेंद्रनगरी · इंदूर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, अप्पांचा दोन-तीनदा. मग आत्याकडे गेलो आणि धागाच वाचून दाखवला. रागावेल असं वाटलं होतं. माझा पहिला मजकूर ऐकून म्हणाली, "मारुतीस्तोत्रही मीच शिकवलंय, ते नाही लिहिलंस." अप्पांचं वाचत होतो तेव्हा मात्र मध्ये काही बोलली नाही. नंतर विचारलं, "हे स्नेहलतागंजात नक्की कुठे राहतात?"

मी तिला एवढंच म्हटलं की तुझ्या घराबद्दल तुझ्याशिवाय कोणी काही ठरवणार नाही. मीही नाही. हे पुण्याच्या काकालाही फोन लावून तिच्यासमोरच सांगितलं, कारण घराचा विषय दर गणपतीत तोच काढतो. त्याला आवडलं नाही. नंतर मला वेगळा फोन करून अर्धा तास समजावत होता.

चिठ्ठीवर तिचं म्हणणं, "चिठ्ठी द्यायची तर माझ्या अक्षरात जाईल."


माळव्याची_सून · इंदूर

मग?


राजेंद्रनगरी · इंदूर

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कोणाला उपयोग होईल.

सकाळची पहिली वेळ मागून घेतली. रक्ताची तपासणी त्याच सकाळी उपाशीपोटी करायची होती, ती आदल्या दिवशी घरी माणूस बोलावून करून टाकली. नाहीतर आधी उपाशी बसायचं, मग रांगेत बसायचं, आणि शुगरची गोळी सवयीनं घेतलेली असली तर अंधारी तिथेच यायची.

आत्यानं वहीचं पान फाडून लिहिलं होतं, डाव्या बाजूला समास सोडून. तारखा, वेळा, काय खाल्लं होतं. दोनदा पडल्याचं त्यात होतं. एकदाचं मला माहीत होतं. गोळ्यांची थैली तिनंच भरली. गुडघ्याची गोळी निघालीच, शेजारच्या काकूंची नाही, तिनं स्वतः दुकानातून आणलेली.

डॉक्टरांना मी दारातूनच म्हटलं, पहले ये अकेली बात करेंगी. त्यांनी हरकत घेतली नाही. मी बाहेर बाकावर बसलो. शेजारच्या गृहस्थांनी मला त्यांच्या मूळव्याधीची पूर्ण हकीकत सांगितली. बाकावर सगळेच बोलतात असं दिसतंय.

पाच मिनिटं म्हणता म्हणता बराच वेळ गेला. मग मला आत बोलावलं. खुर्ची मागे ओढून बसलो. डॉक्टरांनी तिला आडवं झोपवून बीपी घेतलं, १४८. उभं करून एका मिनिटानं ११८, तिसऱ्या मिनिटाला १२२. मधुमेह जुना आहे, त्याचाही हात असेल म्हणाले. तिला खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला लावलं, घड्याळ लावून. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. तिला जास्त लागले. ती म्हणाली, परत घ्या, पहिल्या वेळी मला नियम समजला नव्हता. परत घेतलं, तरी जास्तच.

बीपीची रात्रीची एक गोळी कमी केली, शुगरची गोळी बदलली, गुडघ्याची बंद करून त्याऐवजी पॅरासिटॅमॉल आणि फिजिओथेरपी. हाडांची डेक्सा (हाडं किती ठिसूळ झालीत ते बघणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगितलंय. अंधारी आली की आधी बोटातून शुगर बघायची, आकडा वहीत लिहायचा. पलंगावरून उठताना आधी कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं.

एकटी असताना ती अजून काय बोलली ते मला माहीत नाही. विचारलं नाही. येताना छप्पन दुकानला गाडी वळवायला लावली, शुगरची गोळी बदलल्याच्या आनंदात अर्धी जलेबी खाल्ली. डॉक्टरीणबाई, ओरडू नका.


डॉक्टरीणबाई · ग्वाल्हेर

अर्ध्या जलेबीला माझी हरकत नाही. पण गोळी बदलल्यावर पहिले काही दिवस शुगर आणि उभं राहिल्यावरचं बीपी दोन्ही लिहून ठेवा आणि आठ-दहा दिवसांत फोनवर तरी कळवा. बीपी झोपून वाढलेलं आणि उभं राहून उतरलेलं असेल तर गोळी कमी-जास्त करणं नाजूक काम असतं, एका भेटीत जमत नाही. आणि दुसऱ्या मोतीबिंदूला उशीर करू नका. पडण्यात डोळ्यांचाही वाटा असतो.


स्पष्टवक्ता · भोपाळ

आत्या एकट्याच राहणार म्हणजे?


राजेंद्रनगरी · इंदूर

हो. न्हाणीघरात दांडे लावायचेत, तेवढं तिनं मान्य केलंय. कुठल्या उंचीवर ते तिनं पेन्सिलनं भिंतीवर आखून ठेवलंय. बाहेरच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे, एक समोरच्या वहिनींकडे. सकाळी दुधाची पिशवी उचलली की ती वहिनींना हाक मारते, आठपर्यंत हाक आली नाही तर वहिनी जाऊन बघतात. आतली कडी राहील.

लोकमान्य नगरच्या बाजूला टाईल न फोडता दांडे नीट बसवणारा कोणी माहीत आहे का? दोघांनी येतो म्हणून सांगितलं आणि आले नाहीत.


माळव्याची_सून · इंदूर

आमच्याकडे बसवून गेलेला मुलगा आहे, काम चांगलं, फक्त सकाळी लवकर येतो. नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय. स्टीलचे घ्या, प्लास्टिकचे नको, आणि टॉवेल अडकवायच्या दांड्यावर भागवू नका, तो वजन घेत नाही.


अप्पा_स्नेहलतागंज · इंदूर

मलाही पाठवा तो नंबर. मुलाला सांगायचं नाही, मीच बोलावतो.